तिसऱ्यांदा वाचून दाखवावे

दुपारी चहाचं पाणी गॅसवर ठेवलं आणि रोजच्यासारखा मोबाइल उघडला, तर मी लिहिलेलं पान तिथे नव्हतं. पांढरा पडदा होता आणि मधोमध राखाडी अक्षरांत इंग्रजीतली एक ओळ होती. आपण शोधता ते इथे नाही, एवढाच तिचा अर्थ. मी चष्मा पुसला आणि दुसरं पान उघडून पाहिलं, मग तिसरं. सगळी मिळून सेहेचाळीस होती. प्रत्येक ठिकाणी तोच पांढरा पडदा. पाणी आटून भांडं तापल्याचा वास आला तेव्हा मी उठलो. खरं म्हणजे मला आधी भीती वाटायला हवी होती. पैसे लावून मोबाइलवर खेळायच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा झाल्याचं मी पेपरात वाचलं होतं. खेळवणाऱ्याबरोबर जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे, ही ओळ तर दोनदा वाचली होती. पण त्या क्षणी जे वाटलं ते दुःख होतं. एखाद्याचं लिहिलेलं कोणी फाडून टाकावं तसं. त्या दुःखाची लाज नंतर आली, काळं पडलेलं भांडं घासताना, आणि तीही पुरेशी आली की नाही हे मला सांगता येणार नाही.

वरच्या खोलीत पीयूष राहतो. त्याचे वडील अमरावतीकडून इथल्या कारखान्यात नोकरीला आले, तो देवासचाच. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, सभ्य, जिना चढताना चपला हातात घेणारा, म्हणजे माझी दुपारची झोप मोडू नये म्हणून. तो खाली आला आणि दारातच म्हणाला की त्यानंच सगळं उडवलं. "काकाजी, घबराऊ नका. पेज गेलं म्हणजे अपन भी गए. ना नाम, ना निशान." मग पाटावर बसून त्यानं आपली हकीकत सांगितली, अर्धी हिंदीत. इंदुरातले त्याच्या धंद्यातले तिघे-चौघे आधीच गप्प झाले होते. एकानं पाककृतींची पानं सुरू केली होती, एक मेव्हण्याच्या टायरच्या दुकानात बसायला लागला होता. त्याला स्वतःला काय करावं ते कळत नव्हतं. पाच वर्षं हेच केलं, दुसरं येत नाही, म्हणाला. आणि मग, माझ्याकडे न बघता, "आपण तर फक्त रस्ता दाखवत होतो ना?" हे त्यानं मला विचारलं की स्वतःला, कोण जाणे. मी त्याला चहा दिला. त्याला करपट वास आला असणार, पण त्यानं तो मुकाट्यानं घेतला.

त्याचा धंदा मला त्यानं पहिल्या महिन्यातच समजावून सांगितला होता, त्यामुळे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. खेळ दुसऱ्याचा, कुठल्यातरी परदेशातल्या कंपनीचा. पीयूष फक्त त्या खेळाविषयी चांगलं सांगणारं पान लिहायचा आणि पानाखाली एक दुवा ठेवायचा. त्या दुव्यावरून आत गेलेला माणूस जेवढं हरेल त्यातला हिस्सा पीयूषला मिळे, आणि तो माणूस हरत राहील तोवर मिळत राही. हिंदीतली पानं तो स्वतः लिहायचा. पण महाराष्ट्रातली माणसं मराठी वाचतात, आणि पीयूष हिंदी शाळेत शिकलेला. मराठी तो बोलतो, पण चार ओळी वाचायला घेतल्या की जोडाक्षरांशी अडखळतो. म्हणून तो माझ्याकडे आला. माझ्या भिंतीला लागून इथल्या मराठी समाजाच्या वाचनालयाचं कपाट आहे. वाचनालय बंद झालं तेव्हा त्याची किल्ली माझ्याकडे राहिली. पुस्तकं नेण्याची वहीही आहे, तिच्यातली शेवटची नोंद सतरा वर्षांपूर्वीची, आणि ती माझीच. पीयूषला वाटलं, ज्याच्याकडे एवढी पुस्तकं त्याला चार पानं लिहायला काय जड. मी पैसे घेणार नाही म्हणालो. हे म्हणताना मला बरं वाटलं होतं. त्या बरं वाटण्यावर मी दोन वर्षं काढली.

पैसे घेतले नाहीत, पण दर सोमवारी पीयूष खाली यायचा आणि किती जणांनी वाचलं ते सांगायचा. या आठवड्यात चौदाशे. या आठवड्यात तीन हजारांवर. मी चाळीस वर्षं कारखान्याच्या स्टोअरात कारकुनी केली आणि संध्याकाळी माळव्यातल्या मराठी माणसांच्या जुन्या शब्दांविषयी चार वह्या भरून लिहिलं. त्या वह्या पुण्याला एका प्रकाशकांकडे दोनदा जाऊन परत आल्या. दुसऱ्यांदा तर पुडक्याची दोरीसुद्धा मी बांधली होती तीच होती. माझं लिहिलेलं कोणी वाचलं असेल तर ते पुण्याच्या त्या गृहस्थांनी, आणि त्यांनीही दोरी सोडली नव्हती. तीन हजार माणसं. पीयूष आकडा सांगून गेला की मी खिडकीशी उभा राहून टेकडीकडे बघत असे. रोपवेच्या दोरीवरून देवीला जाणाऱ्यांचे पाळणे वर जात, आणि मला वाटे की त्यांत बसलेल्यांतल्याही एखाद्यानं वाचलं असेल. तो माणूस हरत राहील तोवर, हे वाक्य मी ऐकलं होतं. ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे शेवटपर्यंत वाचतात की नाही, हे कळतं का?"

ती पानं 'दादांचा सल्ला' या नावानं निघत. दादा हे नाव पीयूषनं काढलं, वडीलधारं वाटावं म्हणून. पण दादांचा आवाज माझा होता. मी त्यात आमच्या घरातली जुनी मराठी आणली, थोरल्या पातीच्या, म्हणजे इथल्या थोरल्या संस्थानाच्या, चाकरीत असलेल्या आजोबांच्या पत्रांतली. सावकाश, आदबीची, समोरच्याला बसायला पाट देणारी. आणि प्रत्येक पानाच्या शेवटी एक वाक्य मी हट्टानं घातलं: नियम एकदा वाचून कळत नाहीत, ते दोनदा वाचावेत आणि तिसऱ्यांदा घरातल्या कोणाला तरी वाचून दाखवावेत. पीयूषला ते काय आहे ते कळलं नाही आणि त्यानं विचारलंही नाही. माझा हिशेब असा होता की घरात मोठ्यानं वाचलं तर घरातलं कोणीतरी म्हणेल, ठेव ते बाजूला. म्हणजे मी सावध केलं. ही माझी पळवाट होती, आणि तिच्यातून मी रोज रात्री आरामात झोपायला जात असे. दुसरं एक वाक्य पीयूषनं मागून घेतलं, स्वतःच्या अनुभवाचं. त्यावाचून लोक विश्वास ठेवत नाहीत म्हणाला. ते मी एका बैठकीत लिहिलं. 'मी स्वतः या ठिकाणी बसून पाहिले आहे, आणि माणसे सचोटीची आहेत.' मी कुठेही बसलो नव्हतो. पण वाक्य चांगलं उतरलं होतं.

पान नाहीसं झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी धारहून मालनचा फोन आला. मालन माझ्या थोरल्या भावाची मुलगी, सत्तेचाळीस वर्षांची. भाऊ गेले, वहिनी गेल्या, आता धारमध्ये माझं म्हणावं असं तीच. तिचे यजमान जगदेवराव पीथमपूरला नोकरीला आहेत. ती घरी बसून बाग गावच्या छापाची कापडं विकते, म्हणजे बागला जाऊन छपाईवाल्यांकडून आणते आणि ओळखीपाळखीत देते. फोनवर ती हळू बोलत होती. मोबाइलवर पत्ते खेळण्यात तिच्या पाटल्या गेल्या. पाटल्या मोडून लावलं ते सगळं गेलं, आणि जे थोडं जिंकून आत उरलं होतं तेही अडकलं, कारण कायदा झाल्यापासून ते दार बंद झालंय. जगदेवरावांना परवा कळलं. ते ओरडले नाहीत, ती म्हणाली, ओरडले असते तर बरं. ते फक्त एवढंच विचारतात की तुला हे सांगितलं कोणी. आणि तिनं सांगितलं, मोबाइलवर एक दादा आहेत, ते मराठीत लिहितात. जगदेवराव म्हणाले, मग त्या दादाला शोधू, पोलिसांत अर्ज दे. "मी रविवारी येऊन राहिले आबा. अर्ज तुम्हीच लिहून द्या. आपल्यात लिहिणारं दुसरं कोण आहे?"

मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर बराच वेळ मी उजव्या हाताच्या तर्जनीकडे बघत बसलो. हे विचित्र आहे, पण तसंच झालं. मालन सात वर्षांची होती तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत मी धारला जाऊन राहायचो. शाळेत तिला हिंदी होती, घरात मराठी फक्त कानावर पडायची. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, हिला आपली अक्षरं येऊ देत, नाहीतर माझी पत्रं ही कोणाकडून वाचून घेईल? मुंज तलावाकडच्या त्या दोन खोल्यांत, दुपारी पंखा नसलेल्या खोलीत, मी पुस्तकातल्या ओळीखाली बोट ठेवायचो आणि म्हणायचो, "आता इथं." ती वाचायची. बोट पुढे सरकायचं. आता इथं. अडली तर दोनदा वाचायचं, आणि ओळ कळली की तिसऱ्यांदा स्वयंपाकघरात जाऊन आईला वाचून दाखवायची. हा नियम मीच केला होता. ती पळत जायची आणि वहिनी पोळी लाटता लाटता ऐकायच्या. लाटणं फिरलं की पाटल्या पोळपाटावर वाजायच्या, वाचन थांबलं की त्याही थांबायच्या. धारमधल्या तिच्या पिढीत मराठी सरळ वाचणारी ती एकटी. मला त्याचा फार अभिमान होता. कोणी विचारत नसे, पण मी सांगत असे.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती मी इतका वेळ टाळली. जानेवारीत, संक्रांतीनंतर, एका दुपारी मालनचा असाच फोन आला होता. आबा, एक ऐका, म्हणाली, आणि काही न सांगता वाचायला लागली. तिसऱ्या-चौथ्या शब्दालाच मी ओळखलं. माझंच पान होतं. ती नीट वाचत होती, माझ्या पद्धतीनं, स्वल्पविरामाला श्वास घेऊन. चारपाच वाक्यं वाचली असतील. मी खाटेवर बसलेला होतो तो उभा राहिलो. सत्तर वर्षं उलटलेल्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा आपलं लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं, आणि ते तोंड मालनचं असावं! तिनं वाचन थांबवलं आणि विचारलं, कसं वाटलं. ती कशाविषयी विचारत होती हे मला कळायला हवं होतं. कळलंही असेल. तिथे आत कुठेतरी कळलंच असेल, कारण ती खेळते का, हे मी तिला विचारलं नाही. मी म्हणालो, "चांगलं आहे. कोणीतरी जाणता माणूस दिसतो." ती हसली, बरं म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला. मी पुन्हा बसलो नाही, अंधार पडेपर्यंत खोलीत येरझाऱ्या घालत राहिलो, आणि माझ्यासारखा सुखी माणूस त्या संध्याकाळी देवासात नसेल.

म्हणजे तिनं नियम पाळला होता. दोनदा वाचलं असेल, आणि तिसऱ्यांदा घरातल्या कोणाला तरी वाचून दाखवलं होतं.

रविवारपर्यंतच्या दिवसांत मी काय केलं ते आठवत नाही. कपाट उघडून पुस्तकं पुसली, एवढं आठवतं. शनिवारी पीयूष आला. कोण येणार आहे आणि कशाला, हे मी त्याला सांगितलं, कारण न सांगणं मला जमलं नाही. तो म्हणाला की काकाजी, तुम्ही अर्ज लिहा, जोरदार लिहा, पण दादा कोण ते कोणालाच माहीत नाही, आणि ते तसंच राहू द्या. पान आता जगात नाही. तिच्याकडे त्याचा फोटोही नसेल. मी म्हणालो, ती माझी पुतणी आहे. तो म्हणाला, "म्हणूनच म्हणतो. तिचे आबा तरी राहू द्या तिला." पोरगं मूर्ख नव्हतं. जिन्यावरून तो चपला घालूनच वर गेला, आणि मला प्रत्येक पायरी ऐकू आली. त्यानं सांगितलेलं खरं होतं. माझ्या एका वाक्यानं त्याचंही काय होईल हे मला ठाऊक नव्हतं. दया कुणावर करावी हेही मला ठरवता येत नव्हतं, आणि त्या दोघांच्या आडून मी स्वतःवरच करत होतो की काय, अशी शंका सारखी येत होती.

मालन अकराच्या सुमारास आली, इंदूरला बस बदलून. बागच्या छापाची साडी, लाल-काळी, हातात शेवेची पुडी. मला आवडते म्हणून ती दर वेळी आणते. वाकून नमस्कार केला तेव्हा तिचे हात पुढे आले आणि मी नको तिथे पाहिलं. मनगटावर पाटल्यांच्या जागी कातडी उजळ होती, घट्ट बसणारी वस्तू बरीच वर्षं असली म्हणजे राहते तशी. त्या वहिनींच्या पाटल्या होत्या. हे मला फोनवरच माहीत झालं होतं, पण माहीत होणं वेगळं. तिनं पदरानं हात झाकले नाहीत. पाणी प्यायली आणि म्हणाली की जगदेवराव दिवसभर बोलत नाहीत, जेवायला बसतात तेव्हा एकदाच विचारतात, पता चला? "त्यांना वाटतं दादा-बिदा कोणी नाहीच, मीच बनवून सांगितलं. पान दाखव म्हणतात. अब पान कहाँ से दिखाऊँ आबा? उघडतच नाही." तिला पाटल्यांहून ते जास्त लागलं होतं. तिच्या घरातला माणूस तिला खोटी समजत होता.

अर्ज हिंदीत लिहायचा होता. मी पाट मांडीवर घेऊन लिहायला लागलो. ती सांगत होती, मी लिहीत होतो. कधी सुरू केलं, काय गेलं, कधी बंद झालं. लिहिताना हात सवयीनं नीट चालत होता, आणि चांगला शब्द सुचला की बरंही वाटत होतं. इतकं सगळं होऊनही. मग ती म्हणाली की पानावर काय लिहिलं होतं ते अर्जात यायला पाहिजे, पण तिला धड आठवत नाही. खेळ म्हणजे खेळ, असं काहीतरी. घाई नको, असं काहीतरी. ती डोळे मिटून आठवत राहिली. लहानपणी पाठ म्हणताना मिटायची तसेच. मी पेन थांबवून तिच्याकडे बघत होतो. तिला आठवलं नसतं तर अर्जात एवढंच आलं असतं की मोबाइलवर एका अज्ञात इसमाने मराठीत सल्ला दिला. अज्ञात इसम. जगदेवराव रात्री जेवायला बसले असते आणि त्यांनी पुन्हा विचारलं असतं.

मी नवा कागद घेतला आणि मराठीत लिहायला लागलो. 'खेळ म्हणजे खेळ. चार माणसांत बसून आपण पत्ते खेळतो तसाच. फरक इतकाच की समोरचा माणूस दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या माणसाशी खेळताना उतावीळ होऊ नये.' इथे मी थांबलो. मूळ पानात 'घाई करू नये' होतं. उतावीळ हा जास्त चांगला शब्द होता आणि माझ्या हातानं तो मला न विचारता घातला होता. कबुली देतानासुद्धा मी वाक्य सुधारत होतो. मला स्वतःची इतकी किळस त्याआधी कधी आली नव्हती. मी तो शब्द खोडला आणि वर 'घाई करू नये' लिहिलं. मालन डोळे उघडून कागदाकडे बघत होती. मी मान वर केली नाही. पुढची वाक्यं आपोआप येत गेली. सचोटीच्या माणसांचं वाक्य आलं तेव्हा ते गाळावं असं फार वाटलं. गाळलं असतं तर तिला कळलं नसतं. पण मी तेही लिहिलं, जसंच्या तसं, मी स्वतः या ठिकाणी बसून पाहिले आहे. शेवटी दोनदा वाचावेत आणि तिसऱ्यांदा वाचून दाखवावेत. पूर्णविराम दिला. कागदाची एक बाजू पूर्ण भरली होती.

बाहेर कुठेतरी पाण्याची टाकी भरून वाहत होती. मालन बोलली तेव्हा आवाज साधा होता. "मी तुम्हाला फोनवर ऐकवलं ते एवढं नव्हतं, आबा. पहिल्या चार ओळीच होत्या."

मी म्हणालो, "हो."

तिनं कागद माझ्या मांडीवरून घेतला. मला वाटलं फाडेल, किंवा उठून जाईल. ती तिथेच बसून मोठ्यानं वाचायला लागली, पहिल्या ओळीपासून, स्वल्पविरामाला श्वास घेत. खोडलेला शब्दही तिनं वाचला, मग त्याच्या वरचा वाचला. तिनं राग आणून वाचलं नाही. जे लिहिलं होतं तेच वाचलं, सगळं, आणि मला ते शेवटपर्यंत ऐकावं लागलं. कानाला ते अजूनही चांगलं लागत होतं, हे मी लपवत नाही. वरती पीयूषच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि थांबला. वाचून झालं तेव्हा तिनं या वेळी कसं वाटलं म्हणून विचारलं नाही. कागद पुन्हा पाटावर ठेवला, माझ्या बाजूला सरळ करून. शेवटच्या ओळीखाली, जिथं रिकामं होतं तिथं, उघड्या मनगटाच्या हाताचं बोट ठेवलं.

"आता इथं," ती म्हणाली.

मी नाव लिहिलं. यशवंतराव, आणि पुढे वडिलांचं, आणि आडनाव, एकेक अक्षर सुटं, नुकतंच शिकल्यासारखं. लिहून होईपर्यंत तिचं बोट तिथून हललं नाही.